अभ्यासपाठ : माणूस कुठवर घडतो?

॥ श्री गुरवे नमः ॥



या महिन्याचा अभ्यासपाठ मी लिहावा, असं आपल्या संयोजक ताईंनी सुचवलं. कारण काय, तर मी १९९१ साली मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलंय. मी म्हटलं, "ताई, त्यानंतर नुसत्या पोळ्या लाटल्यात, सगळं विसरले." त्या म्हणाल्या, "पोळ्या लाटताना घरातली माणसं बघितलीस ना? मग तेच लिही." शेवटी माळ्यावरून जुनी वही काढली, मुलीकडून दोन पुस्तकं मागवली आणि बसले. पाठ जरा मोठा आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन करा, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचा. आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा.

*आधी घरातली गोष्ट*

आमचे सासरे, अण्णा, ८४ वर्षांचे आहेत. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) इंदूरच्या एका कापड मिलमध्ये साचेखात्यात जॉबर होते. मागची दोन वर्षं संध्याकाळचा चहा झाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "माझ्या हातून काहीच झालं नाही बघ."

मी दर वेळी म्हणायचे, "अण्णा, झालं गेलं विसरा. आता या वयात नाम घ्यायचं." ते मान हलवायचे आणि गप्प बसायचे. मला वाटायचं, मी योग्य तेच सांगतेय. आपण सगळेच घरात असं सांगतो. पण हा पाठ लिहायला घेतला आणि माझं कुठे चुकत होतं ते मलाच दिसलं. ते शेवटी सांगते.

*घडणं कधी थांबतं?*

पूर्वी बऱ्याच जणांना वाटायचं की माणूस घडायचा तो लहानपणी. विशीपर्यंत जे व्हायचं ते होतं, पुढे नुसतं जगायचं आणि साठीनंतर उतरण. फ्रॉइड यांचाही सगळा भर बालपणावर होता. माणूस पाळण्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत घडत असतो, प्रत्येक वयाचं स्वतःचं एक काम असतं, हे नीट मांडून दाखवलं एरिक एरिकसन यांनी, १९५० साली आलेल्या 'चाइल्डहुड अँड सोसायटी' या पुस्तकात.

या माणसाचं स्वतःचं आयुष्यही ऐकण्यासारखं आहे. १९०२ साली जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ जन्म. आई डेन्मार्कची. खरे वडील कोण हे त्यांना जन्मभर कळलं नाही. सावत्र वडील ज्यू, लहान मुलांचे डॉक्टर. मुलगा मात्र उंच, सोनेरी केसांचा. त्यामुळे ज्यू मंदिरातली मुलं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेतली मुलं ज्यू म्हणून. 'मी नक्की कोण?' हा प्रश्न त्यांच्या घरातच जन्माला आला होता म्हणा ना. तरुणपणी चित्रं काढत युरोपभर फिरले. मग व्हिएन्नात एका शाळेत शिकवताना फ्रॉइड यांची मुलगी ॲना हिच्याकडे मनोविश्लेषण शिकले. १९३३ साली अमेरिकेला गेले. विद्यापीठाची पदवी कधीच घेतली नाही, तरी पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. आज आपण मुलांच्या बाबतीत 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द सहज वापरतो ना, तो रूढ केला यांनीच.

*आठ टप्पे, आपल्या घरात*

एरिकसन म्हणतात, प्रत्येक वयात मनात एक ओढाताण असते. ती नीट पार पडली की माणसाला एक बळ मिळतं.

१. *विश्वास की अविश्वास* (पहिलं दीड वर्ष). बाळ रडलं की कोणी येतं का? भूक लागली की मिळतं का? जग भरवशाचं आहे की नाही, हे बाळ एवढ्यावरून ठरवतं. यातून मिळणारं बळ : आशा.

२. *स्वायत्तता की लाज आणि शंका* (तीन वर्षांपर्यंत). "माझं मी!" हे या वयाचं ब्रीद. चमचा हातात हवा, चप्पल उलटी का होईना, स्वतः घालायची. सांडलं म्हणून चारचौघांत हसलो की पोर लाजतं आणि मग स्वतःवरच शंका घेतं. बळ : इच्छाशक्ती.

३. *पुढाकार की अपराधभाव* (साधारण सहापर्यंत). भातुकली, "मी डॉक्टर, तू पेशंट", आणि दिवसभर 'का?' 'का?'. दर वेळी "गप्प बस" म्हटलं की मुलाला विचारणंच गुन्हा वाटू लागतं. बळ : उद्देश.

४. *उद्यमशीलता की न्यूनगंड* (साधारण बारापर्यंत). शाळेचं वय. काहीतरी करून दाखवायचं, आणि ते जमलं असं कोणीतरी म्हणायला हवं. "शेजारच्याला बघ किती मार्क" हे वाक्य इथे फार खोल जातं. बळ : कौशल्य.

५. *स्वओळख की भूमिकांचा गोंधळ* (किशोरवय). मी कोण, काय होणार, कशावर माझा विश्वास? आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्या मराठी घरांत याला आणखी एक पदर असतो. घरात मराठी, शाळेत हिंदी नाहीतर कन्नड, तेलुगू, गुजराती, मोबाइलवर इंग्रजी. मुलगा विचारतो, "आपण नक्की कुठले?" त्यावर रागवू नका. तो त्या वयाचा अभ्यासच करतोय. बळ : निष्ठा.

६. *जवळीक की एकाकीपणा* (तरुणपण). स्वतःला न हरवता दुसऱ्याचं होणं. बळ : प्रेम.

७. *जोपासना की साचलेपण* (मध्यम वय). पुढच्या पिढीसाठी काही लावणं, वाढवणं. बळ : काळजी वाहणं.

८. *एकसंधता की नैराश्य* (उतारवय). मागे वळून पाहताना 'हे माझं आयुष्य, जसं झालं तसं माझंच' असं म्हणता येणं. बळ : शहाणपण.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पहिला शब्द चांगला आणि दुसरा वाईट असं सरळ नाही. थोडा अविश्वासही लागतोच, नाहीतर मूल कोणाही अनोळखी माणसाबरोबर चालू लागेल. चांगल्याचं पारडं जड असावं, इतकंच. दोन, वयाचे आकडे अंदाजे आहेत. तीन, एखादा टप्पा कच्चा राहिला म्हणून दार बंद होत नाही. पुढच्या वयात तो पुन्हा समोर येतो आणि पुन्हा संधी देतो.

या मांडणीवर टीकाही झाली आहे, तीही सांगायला हवी. कॅरोल गिलिगन या विदुषींनी १९८२ साली दाखवून दिलं की असे नकाशे बहुतेक पुरुषांची आयुष्यं समोर ठेवून काढलेले आहेत. खरंच आहे. आमच्या पिढीतल्या किती जणींना 'मी कोण' हे कळायच्या आतच 'मी कोणाची' हे ठरवून मिळालं! पाचवा टप्पा राहून गेला आणि आम्ही एकदम सहाव्यात. मग चाळिशी-पन्नाशीत कुणी गाणं शिकायला जाते, कुणी परीक्षा देते. घरच्यांना वाटतं, हिला या वयात काय सुचलं? अहो, राहिलेला धडा पुरा करतेय ती.

*एरिकसन आणि अहमदाबाद*

आता आपल्या बाजूची गोष्ट. १९६२ साली, स्वतः साठीचे असताना, एरिकसन अहमदाबादला आले ते मानवी जीवनचक्रावर चर्चासत्र घ्यायला. तिथे त्यांचं लक्ष वेधलं १९१८ सालच्या अहमदाबादच्या मिल मजुरांच्या संपाने. मजुरांची मागणी पगारात ३५ टक्के वाढीची. समोर मिलमालक अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! गांधीजींनी या संपात उपास केला. तेव्हा त्यांचं वय ४८, म्हणजे बरोबर सातव्या टप्प्यावर. या वयात एखादा माणूस आपल्या घरापलीकडच्या माणसांची जबाबदारी कशी घेऊ लागतो, हे शोधत एरिकसन यांनी तेव्हाची हयात असलेली माणसं गाठली, त्यांच्या आठवणी ऐकल्या. त्यातून 'गांधीज ट्रुथ' हे पुस्तक १९६९ साली आलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

अहमदाबादेतच त्यांना एक तरुण इंजिनिअर भेटला, सुधीर कक्कर. या भेटीनंतर कक्कर मनोविश्लेषणाकडे वळले आणि पुढे या विषयातले जगप्रसिद्ध लेखक झाले. एरिकसन यांचे टप्पे आणि आपले चार आश्रम यांची तुलना करणारा लेख त्यांनी १९६८ साली लिहिला.

आश्रम तर आपल्याला पाठच आहेत. ब्रह्मचर्य म्हणजे शिकण्याचं आणि स्वतःला ओळखण्याचं वय. गृहस्थाश्रमात प्रेम आणि संसार. वानप्रस्थात हातातलं हळूहळू पुढच्यांना देणं. संन्यासात शेवटची आवराआवर. दोन्हींत साम्य हे की प्रत्येक वयाचा आपला धर्म आहे. पण एक फरक मला जाणवतो. आश्रम सांगतात, या वयात काय *करावं*. एरिकसन सांगतात, या वयात मनात काय *चाललेलं असतं*. वानप्रस्थ घ्या असं सांगणं सोपं. तिजोरीच्या किल्ल्या सुनेच्या हाती देताना सासूच्या पोटात काय कालवतं, हेही कळायला हवं. दोन्ही मिळून वाचलं तर पूर्ण होतं.

*सातवा टप्पा : माझा स्वतःचा*

इथे जरा खरं बोलते. मुलगी पुण्यात, मुलगा कॅनडात. तो गेला त्या वर्षी सकाळी अकरा वाजता माझी कामं आटपायची आणि पुढे दिवस नुसता पसरलेला असायचा. मोबाइल हातात घेऊन दुपार जायची. यांच्यावर चिडचिड, कामवालीवर चिडचिड. मला वाटलं, वयाचं आहे, हार्मोन्सचं आहे. तेही होतंच, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण वहीत 'साचलेपण' हा शब्द वाचला आणि वाटलं, हे तर माझंच वर्णन. पाणी भरपूर आहे, फक्त वाहत नाही.

त्याच सुमारास केंद्रावरच्या बालवर्गाची सेवा मिळाली. दर रविवारी चौदा पोरं. श्लोक, गोष्टी, आणि हिंदीत विचार करणाऱ्या पोरांना मराठी वाचायला शिकवणं. सेवा मी त्यांची करते असं सगळे म्हणतात. खरं तर वाचले मी. जोपासना म्हणजे फक्त पोटची मुलं वाढवणं नव्हे, हे एरिकसनही स्पष्ट सांगतात. ज्यांना मूलबाळ नाही, तेही शिकवून, घडवून, झाड लावून, संस्था उभारून हा टप्पा भरभरून जगतात.

*आठवा टप्पा : अण्णा*

आता अण्णांकडे येते. १९६३ साली रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने एक लेख लिहिला. तोवर डॉक्टर मंडळी समजत, म्हातारी माणसं जुनंच जुनं बोलतात ते मेंदू थकल्यामुळे, त्यातून त्यांना बाहेर काढावं. बटलर म्हणाले, नाही. आयुष्याचा शेवट जवळ आला की माणूस मनातल्या मनात सगळा हिशेब पुन्हा मांडतो. हे स्वाभाविक आहे आणि गरजेचंही आहे. त्याला त्यांनी 'जीवनाचा आढावा' म्हटलं. कोणी ऐकणारं असेल तर जुने तिढे सुटू शकतात. कोणी नसेल तर तोच माणूस त्याच जागी अडकून राहू शकतो.

हे वाचलं आणि माझे हात थांबले. अण्णा दोन वर्षं हिशेब मांडायला बसत होते आणि मी दर संध्याकाळी वही मिटवत होते. वर "नाम घ्या" म्हणून. नाम हे आपलं सर्वस्व आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मी त्याचा वापर अण्णांना गप्प करायला केला. कारण ऐकायचं धैर्य माझ्याकडेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनी तेच वाक्य म्हटलं. मी विचारलं, "अण्णा, काय व्हायला हवं होतं तुमच्या हातून?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मिलपासून सुरू झाले. सकाळचा भोंगा, अंगावर उडणारा कापूस, साच्यांचा आवाज इतका की खुणांनी बोलायचं. आणि मग धाकटा भाऊ. तो शिकत होता, अण्णांनीच त्याला कॉलेज सोडायला लावून मिलमध्ये चिकटवला. "पक्की नोकरी आहे, येडा आहेस का?" म्हणाले होते. काही वर्षांनी मिल बंद पडली. अण्णा पन्नाशीचे होते, त्यांनी कसंबसं निभावलं. भावाने पुढे आयुष्यभर चौकीदारी केली. तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. या विषयावर दोघे भाऊ कधीच बोलले नाहीत. सून म्हणून तीस वर्षं या घरात राहून मला यातला एक शब्द माहीत नव्हता.

तीन-चार आठवडे ते रोज थोडं थोडं सांगत राहिले. एक दिवस म्हणाले, पुतण्याला बोलावशील का? तो रविवारी आला. अण्णांनी त्याला सगळं सांगितलं आणि हात जोडले. तो गडबडला. म्हणाला, "मोठे काका, तेव्हा कोणाला माहीत होतं मिल बंद पडेल म्हणून?" बाकी फार बोलला नाही. पोहे खाल्ले, चहा घेतला, जाताना पाया पडला. आता महिन्यातून एकदा येतो.

अण्णा एकदम बदलले असं मी सांगणार नाही. ते वाक्य अजूनही अधूनमधून येतं. पण आता त्यानंतर गप्प बसत नाहीत, पुढे काहीतरी सांगतात. परवा नातीला फोनवर सुताची गाठ कशी मारायची ते समजावत होते. रात्री जप करतात, आणि मला वाटतं, आधीपेक्षा शांतपणे करतात.

एरिकसन यांच्याही आयुष्यात अशी एक जखम होती. १९४४ साली त्यांना डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत ठेवलं आणि मोठ्या भावंडांना सांगितलं, बाळ गेलं. जगाला जीवनचक्र शिकवणाऱ्या माणसाच्या वहीतही न जुळलेली बेरीज होती. आयुष्य बिनचूक असावं अशी एकसंधतेची अटच नाही. चुकीसकट ते आपलं म्हणता आलं पाहिजे.

*आणखी एक टप्पा*

एरिकसन १९९४ साली गेले. त्यानंतर त्यांच्या पत्नी जोन यांनी, स्वतः नव्वदी ओलांडलेली असताना, १९९७ सालच्या आवृत्तीत नववा टप्पा जोडला. त्या म्हणतात, अतिवृद्ध वयात जुन्या सगळ्या ओढाताणी पुन्हा येतात, आणि आता दुसरी बाजू वरचढ होऊ पाहते. पाय साथ देतील का, हा अविश्वास. स्वतःची आंघोळ स्वतःला जमत नाही, ही लाज. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाची "माझं मी" ही जिद्द ८४ व्या वर्षी परत येते. म्हणून आजोबांच्या लघवीच्या, डायपरच्या गोष्टी पाहुण्यांसमोर बोलू नका. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागली तरी लावू द्या.

*सावधान*

एक भेद मात्र ओळखायला हवा. आठवणी काढून हळहळणं वेगळं आणि आजार वेगळा. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदासी, जेवण-झोप तुटणं, कशातच मन न लागणं, जगून काय करू असं बोलणं, हे नैराश्याचं दुखणं असू शकतं. रोजचा रस्ता, घरच्यांची नावं विसरायला लागणं, हेही दाखवून घ्यायला हवं. ही भक्तीतली कमतरता नाही. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालते.

*या महिन्याचा घरचा अभ्यास*

१. आपल्या घरातला प्रत्येक जण कोणत्या टप्प्यावर आहे? नावं न ठेवता, फक्त ओळखा.

२. घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीला या आठवड्यात एक प्रश्न विचारा आणि पंधरा मिनिटं मध्ये न बोलता ऐका. उपदेश नको, "पण तेव्हा तुम्ही असं का नाही केलंत" हेही नको. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

३. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी स्वतःला विचारावं : माझं पाणी कुठे वाहतंय?

४. लहान मुलांच्या आयांनी एक दिवस "राहू दे, मी करते" हे वाक्य किती वेळा म्हटलं ते मोजावं.

नवविधा भक्तीत पहिलं आहे श्रवण. पोथीचं श्रवण आपण दर गुरुवारी करतो. घरात एक जिवंत पोथी खुर्चीत बसलेली असते, तिचेही काही अध्याय ऐकायचे राहिलेले असतात. ते राहू नयेत, एवढीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. आपले अनुभव गटावर जरूर लिहा, पण घरच्यांची परवानगी घेऊनच.

आपली,
बालवर्ग सेविका, इंदूर केंद्र 🙏